भोईरकाकांचं गिऱ्हाईक

भोईरकाकांच्या घरी गेलात तर पाण्याच्या आधी टेप येते. शिंप्याची, पिवळी, टोकाला झिजलेली. तुम्ही चपला काढून 'कुठे बसू?' विचारेपर्यंत काका तुमच्या गुडघ्यापाशी उकिडवे बसलेले असतात. गुडघ्यापासून जमीन किती, मांडी किती लांब, टेकलात तर पाठ कुठे लागते, हे सगळं जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या बाजूला लिहून झालं, की आतल्या खोलीकडे तोंड करून ओरडणार, "अगं, पावणं आलंय. साडेसतरा इंच!"

अंबरनाथ पूर्वेला आमच्या बिल्डिंगमध्ये माणसं फ्लॅटच्या नंबराने ओळखली जातात. काकांकडे ती इंचांनी ओळखली जातात. मी पावणेसोळा. पोस्टमन अठरा. सोसायटीचे सेक्रेटरी वीस, "पण त्यातलं दोन इंच नुसता रुबाब."

काकांनी उल्हासनगरला एका सिंधी शेठच्या दुकानात तेहेतीस वर्षं गाड्यांच्या सीटा शिवल्या. स्वतःची गाडी कधी घेतली नाही, चालवायलाही शिकले नाहीत. मशीनच्या खडखडाटाने उजवा कान मात्र गेला. पण माणूस गाडीत कसा बसतो यावर त्यांच्याइतका विचार तालुक्यात कोणी केला नसेल. "तोंड खोटं बोलतं, बूड बोलत नाय," हा त्यांचा सिद्धान्त. लग्न जमवायला आलेल्या एका मुलाला त्यांनी पाच मिनिटं खुर्चीत बघितलं आणि मुलीच्या बापाला बाजूला घेऊन सांगितलं, "खुर्चीच्या कडेला बसतो. नोकरी टिकवणार नाय." मुलाने वर्षभरात दोन नोकऱ्या सोडल्या, तेव्हापासून लोक काकांसमोर बसताना जरा मागे सरकून बसतात.

त्यांचा दुसरा सिद्धान्त दोन शब्दांचा आहे: "गिऱ्हाईक कोण?" नवा उड्डाणपूल दिसला की हाच प्रश्न. टीव्हीवर मंत्री बोलायला लागला की हाच. मी पदवीचं सर्टिफिकेट फ्रेम करून आणलं आणि दाखवायला गेले, तर ते हातात धरून म्हणाले, "छान हाय. पण गिऱ्हाईक कोण?"

मला राग आला होता. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली पहिली मी. अप्पा कारखान्यात हेल्पर होते, आई दुसऱ्यांकडे स्वयंपाक करायची. मी बी.कॉम. झाले, सेकंड क्लास, आणि ते सांगायला मी लाजत नाही. पण त्या सर्टिफिकेटला पहिलं खरं गिऱ्हाईक मिळालं ते काकांच्याच रूपात.

त्याचं असं झालं. दुकानातून निवृत्त झाल्यावर काकांनी उल्हासनगरच्या बाजारातून एक जुना कॉम्प्युटर उचलून आणला. त्यात त्यांना गाड्यांचा एक खेळ सापडला. खेळ म्हणजे आपण गाडी बनवायची. इंजिन, पत्रा, चाकं, सीटा, सगळं आपल्या मनाने. गाडी रस्त्यावर कधीच येणार नाही, पडद्यावरच राहणार. हा खेळ खेळणारे जगभर आहेत आणि त्यांची एक मंडळी नेटवर जमते. मंडळीतला एक जण गिऱ्हाईक रचतो, म्हणजे अमुक वयाचा माणूस, अमुक गावचा, घरात इतकी माणसं, त्याला गाडी पाहिजे. बाकीच्यांनी त्याला शोभेल अशी गाडी बनवून पाठवायची. महिन्याने निकाल, तो गिऱ्हाईक रचणाऱ्यानेच लावायचा. जिंकेल त्याला बक्षीस एकच. पुढचं गिऱ्हाईक त्याने लिहायचं.

गिऱ्हाइकाची माहिती इंग्रजीत यायची. तिथे माझी गरज लागली. "ओ ग्रॅज्युएट!" अशी तळमजल्यावरून हाक आली की मी दुसऱ्या मजल्यावरून उतरायची. वाचून दाखवायची, काका बोलतील ते इंग्रजीत लिहायची. त्यांनी मंडळीत माझी ओळख 'माय ग्रॅज्युएट' अशी करून दिली होती. परदेशातली माणसं पत्राच्या शेवटी 'ग्रॅज्युएट कशी आहे?' असं विचारायची. ऑफिसात मला एवढ्या आदराने अजून कोणी विचारलेलं नाही.

बाकीची मंडळी गिऱ्हाईक वाचून लगेच इंजिनकडे वळायची. काका गिऱ्हाइकाच्या घरात शिरायचे. एकदा गिऱ्हाईक होती सेलो नावाचं वाद्य वाजवणारी विधवा बाई. सेलो केवढा असतो ते मी चित्रात दाखवलं. काकांनी घरातली गादी गुंडाळली, चादरीत बांधली, तेवढ्याच मापाची केली आणि सेक्रेटरींच्या गाडीत आडवीतिडवी घालून बघायला लागले. सेक्रेटरी वरून ओरडले, "भोईर, घर सोडून चाललात काय?"

"नाय ओ, विधवेचा सेलो हाय!"

हे उत्तर ऐकून सेक्रेटरी खाली आले नाहीत.

सेलो बसला, पण काका हरले. ती बाई जिथे राहायची तिथे गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूने धावतात आणि स्टिअरिंग डावीकडे असतं. काकांनी आपल्यासारखं उजवीकडे दिलं होतं. "उलट्या रस्त्याने जाते हे आधी नाय सांगायचं बाईनं?" आठवडाभर ते तिच्यावर नाराज होते. दुसऱ्या वेळी गिऱ्हाईक होता पैसेवाला तरुण, त्याला पोरींवर छाप पाडणारी गाडी हवी होती. काका म्हणाले, "याला गाडीची गरज नाय, याचं लग्न करा." त्याला त्यांनी सहा माणसांची गाडी बनवून पाठवली, पुढे पोरं होतील म्हणून. शेवटचा नंबर आला. निकाल लावणाऱ्याने लिहिलं होतं, 'सीट अप्रतिम. गाडी फ्रिजसारखी दिसते.'

"सीट अप्रतिम, एवढंच घे," काका म्हणाले.

हे सगळं काकू खिडकीजवळच्या खाटेवरून ऐकत असायच्या. दोन वर्षांपूर्वी त्या मोरीत घसरून पडल्या. पायात सळई घातली, पण डावा गुडघा अर्ध्यावरच वाकायचा थांबला. वॉकर धरून गेटपर्यंत जातात, पुढे नाही. रिक्षात बसल्या तर पाय बाहेर राहतो, मोटारीत पुढच्या सीटला अडकतो. हॉस्पिटलातून आणताना चार जणांनी त्यांना उचलून गाडीतून काढलं आणि खुर्चीत घालून घरात नेलं. सगळी बिल्डिंग गॅलरीत उभी होती. काकूंनी पदर तोंडावर ओढून घेतला होता. त्या दिवसापासून त्यांचं एकच, "मना कुठंच जायचं नाय." त्यांचं माहेर वांगणीला, अंबरनाथपासून दोन स्टेशनं. तिथे थोरली बहीण आहे, तिच्याही पायात आता इकडे येण्याची ताकद नाही. दोघी रोज फोनवर बोलतात. भाजी काय केली इथपासून सुरुवात होते, आणि मग बराच वेळ दोन्हीकडून नुसता श्वास ऐकू येतो.

तोंड मात्र काकूंचं शाबूत होतं. "जगातल्या बायांच्या बुडाची काळजी यांना," त्या मला म्हणायच्या. "घरातली खाट दोन वर्सं कुरकुर करते, तिला तेल घाल म्हटलं तर वेळ नाय."

एकदा मी काकांना विचारलं, "इतक्या वेळा हरलात, कशाला एवढा जीव टाकता?"

"एकदा जिंकायचंय."

"जिंकून काय मिळतं?"

"पुढचं गिऱ्हाईक आपण लिवायचं," काका म्हणाले. "जगातली एवढी डोकी महिनाभर आपल्या गिऱ्हाइकाचा इचार करतात. फुकट." मग आवाज खाली आणून, "एक गिऱ्हाईक हाय माझ्याकडं. मना जमत नाय ते."

कोण, ते त्यांनी सांगितलं नाही.

आणि यंदा ते जिंकले. गिऱ्हाईक होती खेड्यापाड्यांत फिरणारी म्हातारी सुईण. सगळ्यांनी तिला चिखलातून जाणारी दणकट गाडी दिली. काकांनीही दिली, पण सोबत लिहायला लावलं, 'बाई रात्रभर उभी राहून दमलेली असणार. सीटची पुढची कड अर्धा इंच खाली घेतली आहे, म्हणजे मांडीला रग लागणार नाही.' पहिला नंबर! मी पेढे आणायला निघाले. काकांनी मला हाताला धरून बसवलं, मधलं दार लोटलं आणि म्हणाले, "पेढे नंतर. लिव."

मी लिहायला लागले.

"बाई. वय एकसष्ट. उंची चार फूट नऊ. डावा गुडघा अर्धाच वाकतो."

माझं बोट थांबलं. मी त्यांच्याकडे बघितलं. ते भिंतीकडे बघत होते.

"लिव तू. पुढचा रस्ता दिसला नाय तर तिला मळमळतं. गाडी जोरात गेली तर घाबरते, पण बोलत नाय, पदराचं टोक बोटाला गुंडाळते. तेवढ्यावरून ओळखायचं. दोन स्टेशनं जायचंय, जास्त नाय. आणि मोठं लिव, तिला कोणी उचललेलं चालणार नाय. आपली आपण चढली पायजे. उचललं तर ती परत कधी बसायची नाय."

बोटाला गुंडाळलेल्या पदराचं इंग्रजी मला काही केल्या जमेना. तीन वर्षं कॉलेज केलं, पण डिग्री तोकडी पडल्यासारखं तेव्हा पहिल्यांदा वाटलं. शेवटी जसं सुचलं तसं लिहिलं.

मंडळी त्या गिऱ्हाइकावर तुटून पडली. रोज प्रश्न यायचे. बाई कोणत्या हाताने आधार घेते? मांडीवर काही ठेवते का? एकाने तर स्वतःच्या पायाला फळी बांधून आपल्या गाडीत बसून बघितलं आणि फोटो पाठवला. काकांनी तो फोटो मोठा करायला लावून फळीचं माप बघितलं. मग म्हणाले, "कारागीर हाय."

पण दार लोटलेलं, नवरा कुजबुजतोय, आणि कुजबुजण्यात सारखं 'बाई, बाई'. उजव्या कानाने न ऐकणाऱ्या माणसाची कुजबुज ती केवढी असणार! चौथ्या दिवशी काका दूध आणायला गेले आणि काकूंनी मला खाटेपाशी बोलावलं.

"खरं सांग. कोण ती बाई?"

"कोण बाई, काकू?"

"मना येडी समजू नको. दारामागं चार दिस एका बाईचं चाललंय. तिला हे आवडत नाय, तिला ते चालत नाय. माझं कधी विचारलं नाय एवढं!"

मी आतून गिऱ्हाइकाची माहिती लिहिलेला कागद आणला आणि मराठीत वाचून दाखवला. पहिली ओळ, दुसरी ओळ. पदराशी आले तेव्हा काकूंनी हातातलं टोक पटकन सोडलं. वाचून झालं. खिडकीबाहेर भंगारवाला ओरडत गेला.

"चार फूट दहा," त्या म्हणाल्या.

"काय?"

"चार फूट दहा हाय मी. नऊ नाय. दुरुस्त कर." मग जरा थांबून, "आणि यात एकाचंच माप हाय. मी एकटी जाणार काय वांगणीला? त्यांची जागा कुठंय? लिव, नवरा संगती बसणार. बाईच्या उजव्या अंगाला. डाव्या कानानंच ऐकू येतं त्यांना, उलटं बसले तर मी वांगणीपर्यंत भिंतीशीच बोलणार."

मी तसं लिहून टाकलं. दुसऱ्या दिवशी काकांनी ते पडद्यावर बघितलं, मला अर्थ विचारला, आणि चष्मा पुसायला घेतला तो पुसतच राहिले.

निकाल काकांनीच लावायचा होता. सतरा गाड्या आल्या होत्या. कोणाची सीट वर-खाली व्हायची, कोणाची बाहेर सरकायची. जिंकली ती एका बर्फाळ देशातली ट्रक चालवणारी बाई. तिने काही बसवलंच नव्हतं. तिने ड्रायव्हरशेजारची पुढची डावी सीट काढून टाकली होती. बाईने मागच्या रुंद दारातून पाठमोरं टेकायचं आणि वळायचं. पाय सरळच्या सरळ मोकळ्या जागेत, आणि समोर अख्खा रस्ता.

काका कपाळाला हात लावून बसले. "तेहेतीस वर्सं सीटा बसवल्या," ते म्हणाले. "काढायची असते हे डोक्यात नाय आलं."

पुढच्या रविवारी गेटपाशी भाड्याची व्हॅन उभी राहिली. काकांनी ड्रायव्हरला पटवून पुढची डावी सीट काढून घेतली होती. मागची सीट अर्धा दिवस स्वतः बसून, उठून, उशी घालून, उशी काढून बेतली होती. काकू वॉकर टाकत आल्या. नवी साडी, मांडीवर घ्यायला वड्यांचा डबा माझ्या हातात. दाराशी त्या पाठमोऱ्या झाल्या. ड्रायव्हर सवयीने हात द्यायला पुढे आला, काकांनी त्याला नुसत्या डोळ्यांनी मागे ढकललं.

काकूंनी दाराची कड धरली, टेकल्या. दम घेतला. मग वळल्या. पाय हळूहळू आत गेला, सरळ, कुठेही न अडकता.

वर गॅलऱ्या भरल्या होत्या. काकूंनी मान वर केली. "झालं बघून? जा, तुमच्या भाज्या करपतील!"

काका बाहेरच उभे होते. दुसऱ्या बाजूने जाऊन बसायचं, एवढंच राहिलं होतं, पण त्यांचे पाय हलत नव्हते.

"आवो, बसा की आता," काकू आतून म्हणाल्या. "का तुम्हाला उचलून ठेवायला चार माणसं बोलवू?"

काका वळसा घालून गेले आणि त्यांच्या उजव्या अंगाला बसले. व्हॅन बदलापूरच्या रस्त्याला लागेपर्यंत काकूंचं बोलणं ऐकू येत होतं. काका त्यांच्याकडे डावा कान करून, जरा वाकून बसले होते.