दीप्तोजी तारकापतींचे फुगणे व बसणे

श्रीअंतराळस्वामी कृपावंत असोत. ऐकणारांनी स्वस्थ बसावे, उठोन जाणारांनी हळू जावे. शालिवाहन शकापूर्वी एक कोटी वर्षे, प्रमाथी नाम संवत्सर, तिथी वार ठाऊक नाही, कारण दिवस मावळावयास त्या प्रांती भूमीच नव्हती. ऐसे समयी आकाशात एके ओसाड जागी थंड धूळ आणि हायड्रोजन नामे हलकी रयत यांचा ढग पसरोन राहिला होता. रयत उदंड, राजा नाही. तेथे राजमाता गुरुत्वाबाईसाहेब यांनी कारभार हाती घेतला. बाईसाहेबांचा शिरस्ता एकच, जो कोणी असेल त्याने मध्यभागी यावे. ओरडणे नाही, रागावणे नाही, परंतु ओढ म्हणोन सुटत नाही, झोप घेत नाहीत आणि कोणास रजा देत नाहीत. त्यांनी ढग गोळा केला आणि आवळला, आणि आवळता आवळता गर्दी तापली, मग मध्यभागी ऐसी दाटी जाहली जे श्वासास वाट राहिली नाही. हायड्रोजनाचे लोक स्वभावाचे मोठे मानी, एकाने जवळ यावे तो दुसऱ्याने ढकलोन द्यावे. परंतु दाटीत मान राहतो कोठे? तेव्हा विवाहखात्याचे कारभारी संमीलनपंत पुढे जाहले आणि चौघांस एके गाठीत बांधोन त्यांचा एक हेलियम करू लागले. जोखोन पाहता चौघांहून तो एक किंचित हलका भरे. मानकऱ्यांनी डोळे बारीक करोन पुसिले, "पंत, हे मधले कोण खाते?" पंत बोलिले, "खाईल कोण? जे घटले तेच ऊन जाहले. मंडप त्यावरच उभा आहे, जरा वर पाहात जा." आणि गोष्ट खरी होती. ऊन बाहेर रेटीत असे आणि बाईसाहेब आत ओढीत असत, आणि त्या दोहोंच्या ओढाताणीत तख्त समतोल राहिले. मग त्या तख्ती दीप्तोजी महाराज विराजमान जाहले आणि निळे पांढरे तळपो लागले.

त्याच ढगातून महाराजांचे धाकटे बंधू तांबोजीराव निघाले होते. अंगाने लहान, रंगाने विटकरी, बोलणे मवाळ. महाराज त्यांस भर दरबारी म्हणत, "तांबोजी, तुमचे येथे दिवा लावला आहे की शेगडी विझते आहे?" आणि तांबोजीराव म्हणत, "दादासाहेब, आमची मंडळी थोडी, दाटी थोडी, लग्नेही बेताचीच. चालले आहे." महाराजांस मनोमन एकच ध्यास, की बंधूचे तख्त गेल्यामागेही आपले उभे राहावे, वडील घराण्याने आधी ढासळोन बसावे हे त्यांस सोसवेना. परंतु महाराज निर्धास्त होते, कारण त्यांची गणती ऐसी, "आमची रयत तुमच्या शंभरपट, सबब आमचे राज्यही शंभरपट टिकेल." सभेने माना डोलाविल्या, सभेस दुसरे काम नव्हते. संमीलनपंत मात्र अदबीने म्हणाले, "सरकार, रयत शंभरपट खरी. पण रयत वाढली तैसे मातुःश्रींचे आवळणेही वाढले. मंडप खाली येऊ नये म्हणोन मी लग्ने कोटीपट लावितो आहे. नवरदेव पुरणार किती दिवस?" महाराज म्हणाले, "पंत, मंगल खात्याच्या माणसाने ऐसे बोलू नये. विडा घ्या." पंतांनी विडा घेतला आणि पुन्हा बोहल्याकडे गेले.

पुढे व्हावयाचे ते जाहले. मध्यभागी लग्नाचा हायड्रोजन सरला. बाहेरचे महालात तो खच्चून भरला होता, परंतु तेथे दाटी नाही, आणि दाटीवाचोन कोणी बोहल्यावर चढेना. मग गाभा आकसला, आणि आकसला तैसा अधिक तापला, आणि त्याचे कडेस लग्नांची धांदल उडाली, आणि त्या उन्हाने महाराजांचे बाहेरील अंग फुगोन कोठल्या कोठे गेले आणि तांबडे जाहले. मानकरी म्हणाले, "सरकारांचा विस्तार काय वर्णावा." महाराजांनी लागलीच बंधूस निरोप धाडिला, "आता पाहा आम्ही केवढे जाहलो." तांबोजीरावांचे उत्तर आले, "वाढलात खरे, दादासाहेब. पण तोंड उतरल्यासारखे दिसते. जेवण वेळेवर होते ना?"

इकडे पंतांनी हेलियमाची लग्ने लावोन कार्बन आणि ऑक्सिजन केले, आणि त्यांवर काही लक्ष वर्षे निभाविली. मग कार्बनाची लग्ने लाविली, त्याने काही शतके निघाली. मग निऑन, मग ऑक्सिजन, आणि दर खेपेस ऊन कमी काळ पुरे आणि बाईसाहेब अधिक आवळीत. सिलिकनाने जेमतेम दिवस काढिला. मग पंत पागोटे काखेत धरोन हुजूर उभे राहिले. महाराजांनी पुसिले, "आता मध्यभागी कोण?" "लोखंड, सरकार." "मग त्यांची लावा." "ही मंडळी लग्नात देत काही नाहीत, उलट आपलेच ऊन मागतात. माझे खाते येथे बंद." तेव्हा महाराज स्वतः मातुःश्रींकडे गेले आणि म्हणाले, "आईसाहेब, क्षणभर हात सैल करा. तांबोजीदेखत ढासळोन बसलो तर तोंड कोठे दाखवू?" बाईसाहेब म्हणाल्या, "बाळा, मला सैल करिता येत नाही. येत असते तर तू ढगातच राहिला असतास." महाराज म्हणाले, "आमचे काही चुकले का?" बाईसाहेब म्हणाल्या, "चुकले नाही. जड होतास." इतके बोलणे होते तोच गाभा खाली आला. डोळ्याचे पाते लवावयास लागतो तितकाही वेळ लागला नाही. आणि आतला गाभा ऐसा कठीण जाहला जे वरून कोसळणारी मंडळी त्यावर आपटोन माघारी फिरली, आणि मंडप, मानकरी, हेलियम, ऑक्सिजन सर्व चहूकडे उधळले, आणि त्या उजेडात शेजारची सारी राज्ये फिकी पडली. तांबोजीरावांचे दरबारी म्हणाले, "वडील सरकार आज फारच तेजात आहेत."

धुरळा बसला तेव्हा महाराज एका शहराएवढे उरले होते, अंगी नुसता भार, आणि भोवऱ्यासारखे गरगर फिरत होते. त्यांनी हळूच पुसिले, "आईसाहेब, आवळणे थांबविले का?" बाईसाहेब म्हणाल्या, "आवळीतच आहे. तूच आता आकसत नाहीस." "म्हणजे तख्त राहिले?" "राहिले." "आणि तांबोजीच्या मागेही राहील?" "राहील. तो विझला तरी तू असाच असशील."

एणेप्रमाणे हकिकत. तारा ओढीने जन्मतो, लग्नांवर उभा राहतो, आणि जितका थोर तितका लवकर संपतो. उधळलेली रयत दूरच्या ढगांत मिसळली आणि बाईसाहेबांनी तेथेही गोळा करावयास आरंभ केला. दीप्तोजी महाराजांचे तख्त अद्याप कायम आहे. मुजऱ्यास कोणी येत नाही.