प्रवाळांचा मुहूर्त

मुलांनो, आमच्या समोरच्या फ्लॅटमधले सोनवणे वरणात बटण सोडतात.

घाबरू नका, बटण धुतलेलं असतं. पांढरंशुभ्र, दोऱ्याला बांधलेलं. वाटीत हळूहळू खाली सोडायचं आणि दिसेनासं झालं की थांबायचं. मग निकाल येतो, "काकू, आज गढूळपणा मर्यादेत आहे." बारडोलीच्या एका लग्नात त्यांनी कढीचीही अशी तपासणी केली, तेव्हा आचारी पळी घेऊनच बाहेर आला होता.

दोष त्यांचा नाही, नोकरीचा आहे. कच्छच्या आखातात बंदराची वाट खोल ठेवण्यासाठी ड्रेजर समुद्राच्या तळाचा गाळ उपसतो. जवळच प्रवाळांचे खडक आहेत. प्रवाळ म्हणजे दगड नव्हे, जिवंत प्राणी. पण एका जागी रुतलेला. गाळ अंगावर बसला तर त्याला उठून पळता येत नाही, गुदमरतो बिचारा. म्हणून सोनवणे खडकांभोवती यंत्रं लावून आणि दोरीला बांधलेली पांढरी तबकडी पाण्यात सोडून गढूळपणा मोजतात. तो मर्यादेबाहेर गेला की प्रवाह फिरेपर्यंत ड्रेजर थांबवायचा. महिन्यातले निम्मे दिवस ते तिकडे बोटीवर, निम्मे इथे सुरतेत. फोन मात्र अखंड चालू.

"साहेब, बस एक घंटा और," ठेकेदाराचा माणूस काकुळतीला येतो.

"बंद एटले बंद!" सोनवणे गरजतात. स्वतः धुळ्याचे, पण हुकूम गुजरातीत.

सोसायटीतही तेच. वारा कुंड्यांकडे वाहत असला की झाडूवाल्या सविताबेनलाही "बंद एटले बंद!" ती कमरेवर हात ठेवून म्हणते, "तो कचरो तमारे घेर लई जाओ, साहेब!"

बायको गेल्यापासून घरात ते आणि मुलगी रेणू, दोघंच. गेल्या वर्षी रेणूचं लग्न नाशिकच्या मुलाशी ठरलं आणि व्याह्यांनी तारीख सुचवली. सोनवणे म्हणाले, "जमणार नाही. त्या आठवड्यात प्रवाळं अंडी सोडतात. ड्रेजर पूर्ण बंद ठेवावा लागतो, मला तिथे हजर राहावं लागतं."

व्याही निवृत्त शिक्षक. त्यांनी उलट कौतुक केलं, "वा! निसर्गाचं काम आधी."

काही महिन्यांनी दुसरी तारीख आली. प्रवाळं अंडी सोडत होती. तिसरी आली. प्रवाळं पुन्हा तयारच!

शेवटी रेणू डोळे पुसत माझ्याकडे आली. "आजी, ते लोक म्हणतात, मनात नसेल तर स्पष्ट सांगा, आम्ही दुसरीकडे बघतो. पप्पांना विचारलं तर म्हणतात, 'तुले घाई कसाले शे?'"

मी सोनवण्यांना चहाला बोलावलं. बिस्किटांची बशी पुढे सरकवत सहज विचारलं, "तुमची ती प्रवाळं वर्षातून किती वेळा अंडी सोडतात हो?"

"एकदाच, काकू!" ते खुलून म्हणाले. "सगळी मिळून, ठरावीक दिवसांत. काय सुंदर दिसतं तेव्हा..."

आणि थांबले. कप तोंडापर्यंत गेला होता, तिथेच राहिला.

त्यांनी चष्मा काढून शर्टाला पुसला, घातला, पुन्हा काढला.

"तिकडचे लोक फार रागावलेत का, काकू?"

"दुसरीकडे बघतो म्हणतात."

मग माझ्याच बैठकीतून नाशिकला फोन लागला. "गुरुजी, चूक माझी. तारीख तुम्ही काढा, मी हजर आहे." पलीकडे गुरुजी बहुधा प्रवाळांची चौकशी करत असावेत, कारण सोनवणे खाली बघत म्हणाले, "त्यांचं झालं, गुरुजी. केव्हाच झालं."

निघताना ते दारापर्यंत जाऊन परत वळले.

"काकू, एक विचारू? कुकर रोज रेणूच लावते. एकट्या माणसाला तांदूळ किती घ्यायचा असतो?"

"एकट्याचा भात कुकरात कधी नीट होत नाही," मी म्हटलं. "कित्येक वर्षं एकटीचा लावून बघतेय मी. सुरतेत असाल तेव्हा इकडेच जेवायला या."