परसातला कुकर

"वाघाला कुणी जंगल दाखवत नाही आणि नंदकिशोर धामापूरकराला कुणी गुन्हा दाखवत नाही," असं म्हणून नंदकिशोररावांनी आरामखुर्चीत एक पाय दुसऱ्यावर टाकला. "मला वास येतो. अख्ख्या ऐरोलीत कुठं पान हललं, तर ते का हललं हे मला बसल्या जागी कळतं. नाक, कान आणि मेंदू. निसर्गानं ही तीन शस्त्रं दिली आणि मी ती गंजू दिली नाहीत."

"चष्मा कपाळावर आहे," अरुणाताई म्हणाल्या. नाक, कान आणि मेंदू वापरून गृहस्थ सकाळपासून चष्मा शोधत होते.

नंदकिशोररावांची उभी हयात सरकारी दक्षता खात्यात गेली, हे खरं. तिथं आलेल्या पाकिटांवर ते शिक्के मारत. पाकिटात काय आहे हे त्यांना कुणी कधी विचारलं नाही आणि त्यांनीही कधी बघितलं नाही. पण निवृत्त झाल्यावर रो-हाऊसच्या दारावर 'धामापूरकर अन्वेषण' अशी पाटी लागली. पहिली केस घरातलीच होती. न्हाणीघराची भिंत ओली कशी होते? शेजारच्यांवर संशय, प्लंबरवर संशय, पार महापालिकेवर संशय. भिंत फोडून झाल्यावर कळलं, की स्वारी आंघोळीनंतर नळ अर्धवट सोडून येते. त्या फोडलेल्या विटा आणि फरशा परसाच्या कोपऱ्यात ढीग होऊन पडल्या होत्या. उचलू म्हटलं की उत्तर ठरलेलं, "पुरावा आहे तो!"

त्या परसावर अरुणाताईंचा जीव. जागा ती केवढी, तीन माणसं उभी राहिली तर चौथ्यानं बाहेर थांबावं. पण तिथं तोंडलीचा मांडव होता, अळू होतं, रातराणी होती आणि माहेराहून, मालवणातून, ओल्या फडक्यात गुंडाळून आणलेला कढीपत्ता होता. आई गेली, माहेर भावजयीचं झालं, तो कढीपत्ता तेवढा राहिला.

आणि नेमकी त्या कढीपत्त्याच्या बुडाशी त्यांना कात सापडली. चांगली हातभर लांब.

"लांबडं आहे हो परसात," त्या घरात येऊन म्हणाल्या. कोकणातल्या बाईच्या तोंडून 'साप' शब्द सहजी निघत नाही.

कुंदन हा त्यांच्या भावाचा मुलगा. आठवडाभर आयटी पार्कात नोकरी, सुट्टीला सर्पमित्र. त्यानं कातीचा फोटो बघून फोनवर सांगितलं, "आत्या, घोणस वाटतेय. जाम विषारी. अळवात हात घालू नकोस, चपलेशिवाय फिरू नकोस. आणि तो विटांचा ढीग आधी हलवा."

"ढिगाची काळजी नको!" नंदकिशोररावांनी फोन हिसकावून घेतला. "ढीग मी स्वतः रोज तपासतो. जातीनं. तिथं काही नाही."

कुंदन म्हणाला, कशालाही हात लावू नका, रविवारी येतो.

बातमी भिंतीपलीकडे जायला फोन लागत नाही. शेजारची उत्कर्षा सोसायटीची सेक्रेटरी. ती संध्याकाळीच दारात उभी राहिली. "काकू, सॉरी, पण इथं मुलं खेळतात. कमिटीनं ठरवलंय. रविवारपर्यंत साप कुठून येतो ते कळलं तर ठीक, नाहीतर हे सगळं काढून पेव्हर ब्लॉक टाकू."

"सगळं?" अरुणाताईंनी विचारलं. "कढीपत्तासुद्धा?"

"झाड आलं की किडा आला, किडा आला की साप आला. सिंपल आहे."

"उत्कर्षा," नंदकिशोरराव उठून उभे राहिले, "केस माझ्याकडे आहे. निर्धास्त राहा."

अरुणाताईंना तेव्हाच कळलं, की कढीपत्ता गेला.

पहिला सिद्धांत चहा निवायच्या आत तयार झाला. कट! रो-हाऊस रिडेव्हलपमेंटला जावं म्हणून बिल्डरनं साप सोडला. आणि सोडणारा हात कुणाचा? धनाजीचा. धनाजी घणसोली गावातला इस्टेट एजंट, याच गल्लीतून रोज बुलेटवरून जायचा. त्याला गेटवर अडवून उलटतपासणी सुरू झाली.

"साप कुठून आणलास?"

"काका, टेन्शन घेतलाव काय?" धनाजी बुलेटवरून पडता पडता राहिला. "मना पालीचा पन भ्याव वाटतं. साप धराला मी काय गारुडी हाय?"

"भीतीचं सोंग चांगलं वठवतोस."

तेवढ्यात वळचणीची पाल चुकचुकली आणि धनाजी बुलेट तिथंच टाकून नाक्यापर्यंत धावत गेला. नंदकिशोररावांच्या मते हा फरार होण्याचा प्रकार होता.

दुसरा सिद्धांत सुगंधाचा. रातराणीच्या वासानं साप येतात, असं म्हणत त्यांनी भर दुपारी रातराणीला नाक लावलं, सात-आठ शिंका दिल्या आणि ती बुडापासून छाटली. अरुणाताई देवळातून परत येतात तो रातराणीचा नुसता खुंट उरलेला.

"अहो, मेल्या सापाला अत्तराचं काय करायचंय? लग्नाला जायचंय त्याला?" त्यांच्या डोळ्यांत पाणीच आलं. "कमिटी रविवारी येणार होती. तुम्हाला एवढी घाई कसली झाली?"

"तपासात भावनेला जागा नसते, अरुणा."

तिसरा डाव सापळ्याचा. ढिगाजवळ दुधाची बशी ठेवली गेली. सकाळी बशी लख्ख. "पाहिलंस? चाटूनपुसून स्वच्छ! म्हणजे साप सुसंस्कृत घरातला आहे." कुंपणावर बसून सोसायटीचं मांजर मिशा साफ करत होतं. अरुणाताईंनी मांजराकडे बघितलं, नवऱ्याकडे बघितलं, आणि यांतलं एक निदान स्वतःचं पोट तरी भरतं, असं मनाशी म्हणून त्या भाकऱ्या थापायला गेल्या.

भाकऱ्या नाचणीच्या. नंदकिशोररावांना साखर निघाल्यापासून डॉक्टरांनी नाश्त्याचे बटाटेवडे बंद केले होते. सुरुवातीला त्यांनी भाकरीपुढे थयथयाट केला. हल्ली मात्र ताट घेऊन 'चिंतनाला' परसात जात आणि चाटूनपुसून परत आणत. एवढ्या एका बाबतीत सुधारणा झाली, याचंच अरुणाताईंना समाधान होतं.

"चिंतन तरी कसलं होतंय," त्या दिवशी ताट ठेवताना ते कुरकुरले, "त्या उत्कर्षाच्या कुकरची वाफ गळते. शिट्टी नाही काही नाही, नुसतं लांबलचक सुस्स्स! रोज सकाळी. तिला सांग, गॅस्केट बदल म्हणावं."

रविवार उजाडला. गेटवर पेव्हर ब्लॉकचा टेम्पो येऊन थांबला. उत्कर्षा आली, कुंदन आकड्याची काठी आणि पिशवी घेऊन आला, आणि बुलेट न्यायला आलेल्या धनाजीला 'प्रमुख संशयित' म्हणून थांबवून घेण्यात आलं. नंदकिशोररावांनी सगळ्यांना परसात दाटीवाटीनं ओळीत उभं केलं. चिंतन नुकतंच उरकलं होतं. त्यांनी घसा खाकरला आणि ते ढिगाला पाठ करून उभे राहिले.

"मंडळी! या प्रकरणाचे धागेदोरे फार वरपर्यंत जातात. पण मी आज छातीठोकपणे सांगतो, सापाला आणणारा गुन्हेगार याच कुंपणाच्या आत उभा आहे!"

धनाजीनं "आई एकविरे!" म्हणत कान पकडले.

"आणि त्याचं नाव..." नंदकिशोरराव थबकले. "उत्कर्षा, आधी तो तुझा कुकर बंद कर बघू. रोजची कटकट आहे."

"कुकर?" उत्कर्षा गोंधळली. "काका, मी एकटी. माझा डबा येतो. माझा कुकर माळ्यावर आहे."

आणि तेवढ्यात तो आवाज सगळ्यांनी ऐकला. सुस्स्स्स!

कुंदनचा चेहरा उतरला. "काका, हलू नका," तो हळूच म्हणाला. "ही घोणस आहे. तुमच्या मागं, ढिगात. आता सावकाश पुढं या."

नंदकिशोरराव सावकाश पुढं आले नाहीत. ते उडाले आणि धनाजीच्या कडेवर जाऊन थांबले. भेदरलेल्या धनाजीनंही त्यांना घट्ट धरलं.

अरुणाताई मात्र जागच्या हलल्या नाहीत. त्यांच्या डोक्यात चक्र फिरायला लागलं होतं. कुकर रोज सकाळी. रोज सकाळी चिंतन. ताट चाटूनपुसून. ढीग मी जातीनं तपासतो.

"अहो," कडेवरच्या नवऱ्याकडे वळून त्यांनी विचारलं, "रोज सकाळी त्या ढिगापाशी काय करत होतात?"

"निरीक्षण."

"भाकरी कुठं आहे?"

कान, नाक आणि मेंदू तिन्ही शस्त्रं खाली पडली.

कुंदननं काठीनं वरची फरशी बाजूला केली. आत उंदराचं बीळ होतं, बिळाच्या तोंडाशी नाचणीचे तुकडे होते, आजचा तर अजून मऊ होता. आणि शेजारी, अंगावर तपकिरी गोल ठिपके घेऊन, घोणस वेटोळं घालून फुत्कारत बसली होती. भाकरीला उंदीर आले होते आणि उंदरांना ती. झाडांचा यात काडीचा संबंध नव्हता. कुंदननं तिला आकड्यानं अलगद उचलून पिशवीत घेतलं.

"अन्न पूर्णब्रह्म आहे," नंदकिशोरराव पुटपुटले. "ओल्या कचऱ्यात टाकलं असतं तर पाप. शिवाय ती बादली तू बघतेस. म्हणून मुक्या जीवांच्या मुखी घातलं. फरशीखाली, जरा आत सरकवून..."

"हातानं?"

"मग काय, चिमट्यानं?"

अरुणाताई पायरीवर बसल्या. रोज सकाळी हा माणूस घोणशीच्या तोंडापाशी हात घालत होता आणि वर कुकरला नावं ठेवत होता. गाढवाला अक्कल नसली तर एक वेळ चालतं, पण नशीब एवढं? त्या आधी रडल्या आणि मग, रडू आवरायच्या आत, नवऱ्याला असं काही बोलल्या की धनाजीनं त्यांना आपणहून खाली उतरवलं.

उत्कर्षा गेटवर गेली आणि टेम्पोवाल्याला म्हणाली, "भैया, ब्लॉक नाही टाकायचे. हा ढीग तेवढा घेऊन जा." कढीपत्त्याशी थांबून तिनं ओशाळून विचारलं, "काकू, चार पानं नेऊ? बघते, कुकर माळ्यावरून काढीन म्हणते."

दुसऱ्या दिवशी सकाळी नंदकिशोरराव परसात नव्हे, जेवणाच्या टेबलावर होते. समोर ताट, आणि ताटासमोर अरुणाताई हाताची घडी घालून.

"तरी पण मान्य कर," पहिला घास कसाबसा गिळून ते म्हणाले. "गुन्हेगार कुंपणाच्या आत आहे, हे मी आधीच सांगितलं होतं. माझा अंदाज शंभर टक्के बरोबर निघाला."

"निघाला ना," अरुणाताई म्हणाल्या आणि त्यांनी दुसरी भाकरी वाढली. "आता शिक्षा भोगा."