गेनूकाकांची गोळी आणि मावशींचा मोरावळा

एका जंगलात, बाळांनो, सगळ्यांनाच पित्त होतं. हत्तीला चहाने व्हायचं, वाघाला जागरणाने आणि हरिणीला वाघाने.

त्यामुळे गेनूकाका अस्वलाचे डोळे पिवळे झाले तेव्हा कुणाला काही वाटलं नाही. काकांनाही नाही. पण अंगाला खाज सुटली, मधसुद्धा नकोसा झाला, तेव्हा ते मुकाट्याने सुतारपक्षी डॉक्टरांकडे गेले.

डॉक्टरांनी पोट ठोकून पाहिलं, आत गाठ लागली, तिचा तुकडा काढून तपासला. "काका, पित्त वाहून नेणाऱ्या नळीत कॅन्सर आहे. पसरलाय. कापून निघायचा नाही."

काका बोटांवर महिने मोजू लागले. "म्हणजे पुढच्या मोसमातला मध..."

"थांबा. तुमच्या गाठीत एक ठरावीक बिघाड सापडलाय. सगळ्यांच्या गाठीत तो नसतो. नेमकी त्याच्यावरच बसणारी गोळी आहे. गाठ आक्रसेल. किती दिवस, ते मात्र विचारू नका."

काका गोळी घेऊ लागले आणि जंगल भेटायला येऊ लागलं. सगुणामावशी माकडीण बरणीभर मोरावळा घेऊन आल्या. "अहो, मला दिवाळीत अगदी अस्संच झालं होतं. चार आवळ्यांत उतरलं."

मावशींना नाही म्हणायची जंगलात कुणाची छाती नव्हती. काकांनी बरणी गुहेमागे ठेवली. तिथल्या मुंग्या गुबगुबीत झाल्या.

गाठ खरंच आक्रसली. काका पुन्हा मध चाटू लागले. मग जंगलाने जाहीर सत्कार ठेवला, मोरावळ्याचा. मावशींना शाल आणि श्रीफळ. डॉक्टरांना बसायला फांदीही राखली नव्हती. काकांना दोन शब्द बोलायला उभं केलं.

"मावशींचे उपकार..." काकांनी सुरुवात केली, आणि त्यांना मागच्या रांगेतला साळिंदर दिसला. डोळे पिवळेजर्द. स्वतःचेच काटे चुकवत अंग खाजवत होता. काखेत मोरावळ्याच्या दोन बरण्या होत्या.

"मला खोटं बोलवत नाही," काका म्हणाले. "मी डॉक्टरांच्या गोळीने तगलोय. साळिंदरा, बरण्या ठेव आणि चल माझ्याबरोबर. तुझं नुसतं पित्तच आहे का, ते तपासून तरी घेऊ."

"खाल्ल्या मोरावळ्याला जागला नाही मेला," मावशी कडाडल्या.

"त्यांनी खाल्लाच नाही. आम्ही खाल्ला," एक गुबगुबीत मुंगी म्हणाली.

तेव्हापासून काकांच्या गुहेकडे कुणी फिरकत नाही. काका आणि साळिंदर डॉक्टरांच्या झाडाखाली नंबर लावून बसतात आणि एकाच पोळ्यातला मध चाटतात. साळिंदराचा रिपोर्ट अजून यायचाय.

तात्पर्य: गोळी फक्त गाठीला लागते, खरं बोललेलं साऱ्या जंगलाला लागतं. म्हणून बाळांनो, बरं व्हायचं तर गपचूप व्हावं आणि श्रेय मोरावळ्याला द्यावं. साळिंदरांचं काय, ते त्यांचं ते बघतील.