चाळीस पूर्णांक एक सेकंद

कोणतंही शास्त्र शिकण्याआधी ते शिकण्याची तयारी करावी लागते, आणि तयारी जितकी लांबते तितकं शास्त्र सुरक्षित राहतं. या उदात्त विचारातून महाविद्यालयाने 'भौतिकशास्त्र : पूर्वतयारी' हा एक वर्षाचा अभ्यासक्रम सुरू केला. त्याच्या तळमजल्यावरच्या प्रयोगशाळेत साठा नोंदवहीप्रमाणे टेबलं बारा, स्टुलं चोवीस (पैकी चार पायांची एकोणीस), लोखंडी स्टँड बारा, शिशाचे गोळे अकरा, स्टॉपवॉच सहा (पैकी चालू चार), मीटरपट्टी एक आणि विद्यार्थी सत्तर होते. विद्यार्थी दरवर्षी बदलत. बाकीचं सामान कायम होतं.

खरं भौतिकशास्त्र, म्हणजे कॅल्क्युलसवालं, वरच्या मजल्यावर शिकवलं जाई. तिथे वेग हवा तसा बदलतो. तळमजल्यावर वेगाला बदलायचंच असेल तर समान हप्त्यांनी बदलावं लागे. इथल्या दोरीला वजन नसे, कप्पीला घर्षण नसे आणि हवा तर नसेच. विद्यार्थ्यांना शंका नसाव्यात हे त्याच ओघाने आलं. लंबकाचं सूत्र फळ्यावर तयार मिळे. ते आलं कुठून, हे वर गेल्यावर सांगतात असं खाली सांगत.

वर जायला दहाही प्रयोगांवर सही लागे. दोन वर्षं सही न मिळालेल्यांना वरचा मजला कायमचा बंद. त्यांच्यासाठी 'पूर्वतयारीची पूर्वतयारी' हा अभ्यासक्रम विचाराधीन होता (त्यात पट्टी कशी धरावी हे शिकवणार होते, पट्टी मिळणार नव्हती).

एका शिंप्याच्या मुलीचं हे दुसरं वर्ष होतं. कुणी "दोन मिनिटांत येतो" म्हणालं की ती घड्याळ लावून बसायची, म्हणून वर्ग तिला 'दशांश' म्हणे. तिच्याकडे नऊ सह्या होत्या. अडला होता तो सातवा प्रयोग : एक मीटर लांबीचा लंबक घ्या, वीस झोक्यांची वेळ पाच वेळा मोजा, गुरुत्वाचं त्वरण काढा. उत्तर ९.८१. (उत्तर प्रश्नातच दिलेलं असे, म्हणजे शोधण्यात वेळ जात नाही.)

दशांशने पट्टीवर शंभराच्या खुणेपर्यंत दोरा घेतला, झोके मोजले. ३८.९ सेकंद. पुन्हा मोजले. ३८.९. गेल्या वर्षीही तेच, आणि उत्तर १०.४४. बाकीच्या एकोणसत्तर जणांच्या वहीत ४०.१ होतं. ते मागच्या वर्षीच्या वह्यांतून आलं होतं, आणि तिथे त्याच्या मागच्या.

"पृथ्वी सगळ्यांना सारखीच ओढते," सर शांतपणे म्हणाले. "तुलाच जास्त ओढायचं तिला काय कारण?"

"म्हणूनच विचारतेय सर."

"विचारू नकोस. मोज."

तिने एकतीस वेळा मोजलं. शेवटी प्रयोगशाळेतल्या मामांनाच दया आली. ते एकेचाळीस वर्षं या खोलीची कुलपं उघडत होते.

"अगं पोरी, चाळीस पूर्णांक एक लिही आणि घरी जा. जेवायची वेळ झाली."

"पण येत नाहीये ना मामा तेवढं."

"कुणालाच येत नाही. लिहितात."

घरी बाबा एका पॅन्टला काज करत होते. सगळं ऐकून त्यांनी दोरा दाताने तोडला.

"आमच्याकडे गिऱ्हाईक म्हणतं, कंबर बत्तीस. टेप लावला की छत्तीस निघते. मी तोंडाने बत्तीस म्हणतो आणि वहीत छत्तीस लिहितो. तुझे सर काय करतात?"

"वहीतही बत्तीसच लिहितात."

"मग पॅन्ट होते कशी?"

"पॅन्ट शिवतच नाहीत बाबा. पूर्वतयारी आहे."

बाबांनी जरा विचार केला आणि गळ्यातला टेप काढून तिच्या हातात ठेवला. "आधी तुमच्या पट्टीचं माप घे."

पट्टीचं माप ९४ सेंटिमीटर भरलं. एका टोकाला छानसं पितळी टोपण होतं, त्यामुळे त्या बाजूला कुणी कधी पाहिलंच नव्हतं. टोपणाच्या कडेला पहिला आकडा होता सहा.

"हो, मी लागलो त्याच वर्षी कापली होती," मामा म्हणाले. "नवीन कपाट आलं ते आतून पंचाण्णव. पट्टी शंभर. कपाट बदलायचं तर वरून मंजुरी लागते, पट्टी कापायला लागत नाही. सुताराने कापली, मी धरली होती. टोपण माझ्या डोक्यातलं."

"आणि कुणाला सांगितलं नाहीत?"

"विचारलं कुणी?"

दशांशने अर्ज दिला. त्यावर त्रिसदस्य समिती बसली, आणि ती किती निःपक्षपाती होती हे यावरूनच कळेल की तिने पट्टी पाहिलीसुद्धा नाही. समितीचे निष्कर्ष पुढीलप्रमाणे होते. टेप कापडी आहे, सबब अशास्त्रीय. सदर वस्तू साठा नोंदवहीत 'मीटरपट्टी' म्हणून नोंदलेली आहे, सबब एक मीटर. शिवाय दरवर्षी सत्तर याप्रमाणे एकेचाळीस वर्षांत २८७० विद्यार्थ्यांनी या पट्टीवर प्रयोग केला असून अर्जदार वगळता सर्वांचं उत्तर ९.८१ आलं आहे. इतकी कसून तपासलेली दुसरी पट्टी समितीच्या ऐकिवात नाही.

(दर वेळी १.२ सेकंद वाढवले, पाच वेळा म्हणजे दरडोई सहा सेकंद. एकूण ४ तास ४७ मिनिटं. एवढा वेळ शून्यातून निर्माण करणारा दुसरा विभाग महाविद्यालयात नाही. बाकीचे फक्त खर्च करतात.)

विशेष बाब म्हणून अर्जदारास प्रयोगाची एक शेवटची संधी देण्यात आली.

दशांश सकाळी आठला आली. दोरा टेपने मोजला. वहीत लांबी लिहिली ०.९४० मीटर, वेळ लिहिली ३८.९ सेकंद, आकडेमोड केली आणि खाली उत्तर लिहिलं. ९.८१.

सर वही नेहमी खालून वाचत. पहिल्याच ओळीला त्यांचा चेहरा खुलला.

"आलं ना शेवटी? म्हणतो ते ऐकायचं. उगाच वर्ष घालवलंस."

"सर, वरची लांबी बघा ना जरा. मी टेपने—"

"उत्तर बरोबर असलं की वरचं बघायचं नसतं," सर म्हणाले, आणि त्यांनी सही केली.

आता वरच्या मजल्याच्या प्रवेशाला एकच कागद राहिला होता, प्रकृती तंदुरुस्त असल्याचा दाखला. खिडकी तीनला बंद होणार होती. दशांश दोन वाजून एकतीस मिनिटांनी दवाखान्यात शिरली.

"पूर्वतयारीतून आलीस?" डॉक्टरांना आनंद झाला. "मीही तिथलाच. लंबकाला दहापैकी दहा होते मला."

बोलता बोलता त्यांनी छापील अर्ज पुढे ओढला आणि लिहायला सुरुवात केली. रक्तदाब मोजायचा पट्टा टेबलावरच्या पेटीत होता. पेटी बंद होती.

"डॉक्टर, तो पट्टा..."

"नॉर्मलच असणार. या वयात काय होतंय?"

दशांशने घड्याळाकडे पाहिलं. दोन एकेचाळीस. खिडकीपर्यंत चालत बारा मिनिटं, पुढे रांग. तिने दाखला घेतला, घडी घातली आणि "थँक्यू डॉक्टर" म्हणून निघाली. दोन छप्पन्नला तिचा प्रवेश झाला.

असा दाखला प्रवेशासाठी, नोकरीसाठी किंवा परवान्यासाठी वाचकांनीही कधीतरी घेतला असेल, आणि तेव्हा त्यांनाही अशीच घाई असेल. त्यांनी तो फायलीतून काढून तिच्या दाखल्याशेजारी ठेवावा.

रक्तदाब : १२०/८०.