पाठ पुसणारा पैलवान

कुस्ती मारल्यावर पैलवान नाचतो, फेटा उडवतो, निदान शड्डू तरी ठोकतो. आमचा पास्कू खाली वाकायचा, चीत झालेल्या गड्याला बगलेत हात घालून उठवायचा आणि त्याच्या पाठीची माती स्वतःच्या तळहातानं पुसून काढायचा. आता कुस्तीत पाठीची माती हाच काय तो पुरावा! जिंकून तो स्वतःच पुसणारा शहाणा मी दुसरा पाहिला नाही. पंचक्रोशीतले पंच मात्र तयार झाले होते. पास्कूनं गडी खाली घेतला की ते तोंडातलं पान थुंकून आधी पाठ बघायला पळत.

पास्कू पहिल्या महायुद्धात इंग्रजांच्या पलटणीतून बसऱ्याच्या लढाईला जाऊन आलेला. आईबापानं फादरच्या हातून बाप्तिस्मा घेतलेला. दोघंही प्लेगात गेले. त्यामुळे उमापूरजवळच्या आमच्या गावात कॅथलिक म्हणावा असा तो एकटाच उरला. फादर वर्षातून दोनदा घोड्यावरून यायचे. बाकीचे दिवस पास्कू, त्याची जपमाळ आणि 'मरियामाय बघती हाय' हे एक वाक्य. बैलाला पाणी पाजलं, मरियामाय बघती हाय. कुणी शिवी दिली, मरियामाय बघती हाय. मी निजाम सरकारच्या शाळेत मास्तर. लोकांचे कागद लिहून द्यायचो, त्यातून आमची ओळख.

जत्रांतल्या कुस्त्यांवर त्याचं पोट. तरी शुक्रवारी मटण नाही, आणि उपवासकाळात चाळीस दिवस दूधही बंद. वस्ताद कपाळावर हात मारायचे. "पैलवानानं दूध सोडलं मंजी बैलानं कडबा सोडला की बे!" आखाड्यात उतरताना तो माती कपाळाला, छातीला आणि दोन्ही खांद्यांना क्रुसासारखी लावी. वडवणीला एक गडी ते बघून हबकला. ही करणी आहे म्हणाला, आणि लिंबू उतरवल्याशिवाय हात मिळवेना. काही जण अंगाला अंग लागून बाट होईल म्हणून मागं सरत. इनामाचा फेटा दिसला की बाट विसरत.

एका वर्षी औरंगाबादचा एक जहागीरदार माजलगावकडच्या जत्रेत पदरी ठेवायला पैलवान शोधत आला. शेवटची कुस्ती मारील त्याला कायमचा खुराक आणि राहायला खोली. पास्कूला खुराकाचं कौतुक नव्हतं.

"गुरुजी, तितं देऊळ हाय आमचं. दर आयतवारी मिस्सा हाय. आमच्यातली मान्सं हायत," तो म्हणाला.

एवढी आशा मी त्याच्या तोंडावर कधी पाहिली नव्हती. मी बजावलं, "पास्कू, त्या दिवशी हात आवर. पंच परके आहेत."

"व्हय गुरुजी. मरियामाय बघती हाय."

जोड लागली ती परभणीकडच्या एका दांडग्या गड्याशी. हलगी कडाडली. अर्धा तास दोघं भिडले होते. मग पास्कूनं पट काढला आणि गडी सरळ पाठीवर. मी जागच्या जागी उडी मारली. पण पंच पलीकडून धुळीतून येईपर्यंत पास्कूचा हात फिरून गेला होता. पाठीवर नुसते बोटांचे ओरखडे. पंचांनी गड्यालाच विचारलं, "टेकली का रं पाठ?"

गड्यानं एकदा जहागीरदाराकडं पाहिलं. "न्हाई," म्हणाला.

पंच म्हणाले, पुन्हा धरा. लढाईत गोळी लागलेला त्याचा गुडघा पहिल्या कुस्तीतच संपला होता. दुसऱ्या खेपेला तो दोन मिनिटांत चीत झाला, आणि त्याची पाठ कुणी पुसली नाही.

परतीच्या वाटेवर मी त्याला नाही नाही ते बोललो. तो लंगडत चालत होता. मग म्हणाला, "बसऱ्याला एक गडी आसाच पाडलो मी. माज्याच वयाचा. वाळूत पाठीवर पडला, हात वर केला, उठीव मनून. आमी म्होरं गेलो. फादरसायबानी माफी दिली, गुरुजी. पर कुनी पाठीवर पडलं की मला ऱ्हावत न्हाई."

इतका वेळ मी कुणावर ओरडत होतो, हे तेव्हा कळलं.

आठ दिवसांनी तो शाळेत आला. "त्या परभणीच्या गड्याला औरंगाबादला पत्र लिवा." मला वाटलं, शिव्या लिहायच्या. मी खुशीनं टाक उचलला.

"लिवा, तितं आमचं देऊळ हाय. आयतवारी एक मेनबत्ती लावत जा मनावं."

"कुणाच्या नावानं?"

"नाव कुटं ठावं हाय? बसऱ्याचा गडी, येवडंच लिवा."

पत्र मी लिहिलं. उत्तर आलं नाही, येणारही नव्हतं. आमच्या शाळेला सुट्टी शुक्रवारची. पुढच्या रविवारी शाळा चालू असताना पास्कू दाराशी येऊन उभा राहिला. "लावली आसंल का वं, गुरुजी?"

"लावली. पत्र आलंय त्याचं," मी म्हणालो.

मग तो मरेपर्यंत दर रविवारी मी त्याला हेच सांगत आलो, आणि या खोट्याची मला लाज वाटत नाही.