छपराला हात लावायचा नाही!

घराचा विमा सगळेच उतरवतात, पण वाचतो कोण? मी! मूळ कागद खराब होऊ नयेत म्हणून झेरॉक्स काढली आणि लाल पेनाने खुणा करत अथपासून इतिपर्यंत वाचली. उन्हाळी वादळ, गारा, वीज, काहीही विचारा, कलमासकट सांगतो! त्यामुळे गेल्या आठवड्यातल्या वादळात आमच्या छपराचे दोन पत्रे उडाले तेव्हा मी चक्क टाळी वाजवली.

"आता बघ, कंपनीला कसा सरळ करतो!"

"आधी मशीन धरा!" बायको ओरडली. तिचं शिलाई मशीन नेमकं भोकाखाली होतं.

"खबरदार! कलम अठरा! पाहणी होईपर्यंत काहीही हलवू नये!"

"आणि पुढे काय लिहिलंय?"

"पुढे काय असणार? हलवू नये म्हणजे नये!"

तिने एकटीने मशीन स्वयंपाकघरात ओढत नेलं.

"पुरावा हलवलास तू!"

"गिऱ्हाइकांचे कपडे कोण शिवणार? तुमचं कलम?"

तेवढ्यात मिस्त्री शिडी घेऊन हजर. "साहेब, अर्ध्या तासाचं काम आहे. निदान ताडपत्री तरी टाकू द्या!"

त्याला मी शिडीसकट वाटेला लावलं.

दुसऱ्या दिवशी चारच्या ठोक्याला पुन्हा वादळ आलं. सोफा भिजला. तिसऱ्या दिवशी गाद्या भिजल्या. चौथ्या दिवशी नवंकोरं सीलिंग धपकन खाली आलं, तेही थेट टीव्हीवर! मी छत्री उघडून सोफ्यावर पहारा देत होतो. बायकोने आपलं अंथरूणही स्वयंपाकघरात हलवलं होतं, पण मी काय डगमगतो? जितकं भिजेल तितकी भरपाई जास्त!

पाचव्या दिवशी कंपनीचे पाहणी अधिकारी आले. त्यांनी वर पाहिलं, मग खाली पाहिलं आणि पँट दुमडली.

"एका वादळात एवढं?"

"छे हो, चार वादळं झाली! पण एका वस्तूला हात लावू दिला नाही. कलम अठरा!"

"पान उलटा."

मी उलटलं. मागे कोरं होतं.

त्यांनी बॅगेतून स्वतःची प्रत काढून वाचलं, "मात्र नुकसान वाढू नये म्हणून छप्पर ताबडतोब झाकणे ही घरमालकाची जबाबदारी राहील."

झेरॉक्सवाल्याने एकच बाजू काढली होती! पानांवर एक, तीन, पाच असे आकडे होते, हे मला दिसलं नव्हतं असं नाही. मला वाटलं, एवढ्या मोठ्या कंपनीला साधं मोजताही येत नाही!

"दोन पत्र्यांचे पैसे मिळतील. बाकीचं तुम्ही भिजवलंत," ते म्हणाले. "मशीन हलवलं ते मात्र बाईंनी शहाणपणाचं केलं."

स्वयंपाकघरात मशीन खडखडायला लागलं. बायको ताडपत्री शिवत होती.

"अजिबात टाकायची नाही!" मी गरजलो. "तक्रारीचा निकाल लागेपर्यंत छपराला कुणी हात लावायचा नाही!"

मी वाकणार नाही. तिथेच ओल्या सोफ्यावर बसून, भोकाखाली, चौदा पानी तक्रार लिहून काढली, आणि या वेळी दोन्ही बाजूंनी लिहिली. शेवटची सही केली आणि घड्याळात चार वाजले.

सध्या तक्रार दोरीवर वाळत घातली आहे. एकदा वाळू दे, मग कंपनीची खैर नाही!